यादी लागेपर्यंत

पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज भरून झाला, की घरात वाट पाहणे सुरू होते. चिंचोटीसारख्या महामार्गालगतच्या गावात मुलगी दिवसातून दहा वेळा मोबाईल पाहते. यादी काही लागत नाही. अब्बू म्हणतात, "तोवर नोकरी धर." धरलेली नोकरी मग सुटत नाही, आणि शिक्षण तिथेच थांबते.

नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, तर पदव्युत्तरला पन्नासांमागे एक, असे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते. गळती नेमकी या टप्प्यावर आहे. त्यात संशोधकांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. ती पुन्हा सुरू करण्याची मागणी आपण सोडता कामा नये.

मात्र काही गोष्टींसाठी सरकारकडे पाहण्याची गरज नाही. यादी लागल्यावर शुल्क भरायला मोजकेच दिवस मिळतात. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा मोहल्ल्याने कर्ज-ए-हसनाची रक्कम आजच बाजूला काढावी. शिकलेल्यांनी उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका तपासून द्याव्यात. आणि घरच्यांनी एवढेच करावे : तिला वाट पाहू द्यावी.