परवाना यंत्रणेचा, जबाबदारी आपली

बालाघाटचा अत्यवस्थ रुग्ण गोंदिया-नागपूरच्या वाटेला लागतो, तेव्हा त्याचा सी. टी. स्कॅन भ्रमणध्वनीवरून बहुधा आधीच तेथे पोहोचलेला असतो. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु त्या प्रतिमेवर किती विसंबावे?

११ फेब्रुवारी २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने, निदानासाठी असलेले सॉफ्टवेअरही १ एप्रिल २०२० पासून १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत आणले. हे पाऊल स्वागतार्हच होय. मात्र परवाना मिळतो तो यंत्रणेला. तिच्या पडद्याचे भ्रमणध्वनीने टिपलेले छायाचित्र त्या परवान्याबाहेरचे असते.

सी. टी. च्या मूळ डायकॉम प्रतिमेत करड्या रंगाच्या ४०९६ छटा सामावू शकतात. 'विंडो' बदलून डॉक्टर त्याच प्रतिमेत हाड, फुफ्फुस वा मेंदू पाहू शकतो. छायाचित्रात साधारणतः २५६ छटा उरतात आणि विंडो एकच, तीही गोठलेली. कवटीलगतचा पातळ रक्तस्राव नेमका येथेच नजरेतून निसटू शकतो.

म्हणून आपल्या संघटनेने काही दंडक स्वतःहून स्वीकारावेत. रुग्णासोबत मूळ डायकॉम प्रतिमांची सीडी द्यावी. भ्रमणध्वनीवर मिळालेले मत 'प्राथमिक' म्हणूनच नोंदवावे. प्रतिमा-संग्रहाची यंत्रणा खरेदी करताना तिच्या नोंदणीची वा परवान्याची कागदपत्रे मागावीत. कायदा यंत्राची पात्रता तपासील. ते कसे वापरावे, याचा विवेक मात्र आपणच जपला पाहिजे.