तहानेच्या आधीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणायला निघू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे आणि खरीही आहे. पण ती न पाळण्याची आपली परंपरा म्हणीपेक्षाही जुनी असावी. आपण छत्री घेतो ती मृगाची पहिली सर अंगावर आल्यावर, स्वेटर विणायला बसतो पौषात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकाची न कापलेली पाने कापणारे विद्यार्थी तर मी वीस वर्षे पाहते आहे. म्हणूनच ऐन दिवाळीत, सगळे जण कढत पाण्याच्या बादलीसाठी न्हाणीघराबाहेर नंबर लावून उभे असताना, आमच्या घरात पोहण्याच्या तलावाची गोष्ट गंभीरपणे निघाली, हे मला फार शुभ लक्षण वाटले.

गोष्ट तशी नवी नव्हती. आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत. मामंजींनी बांधलेले. पुढे अंगण, मागे परस. परसात कढीलिंब, पारिजातक, कपडे वाळत घालायच्या तारा आणि त्यांच्या पलीकडे बरीचशी मोकळी जागा. ती मोकळी राहिली ह्याचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला नसून, तिथे काय करावे ह्याबद्दल दोघा भावांचे कधी एकमत झाले नाही ह्याला आहे. त्या जागेवर 'ह्यांचा' तलाव दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खणला जातो आणि मृग नक्षत्र लागले की आपोआप बुजतो. मधल्या दीड महिन्यात त्याची लांबी-रुंदी, फरशीचा रंग, काठावरच्या खुर्च्या, सगळे ठरलेले असते.

या वर्षी आमच्या थोरलीने, वय वर्षे सोळा, वडिलांना फराळाच्या ताटावरच गाठले. "बाबा, तलावाचं आत्ता बोला. उन्हाळ्यात तुम्ही बोलत नाही, तुमचा घाम बोलतो."

हे वाक्य मला इतके आवडले, की मी तिला दुसरी करंजी वाढली.

धाकटे भावोजी सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी लगेच कागद घेतला. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, सरासरी चार फूट खोल. म्हणजे ८०० घनफूट. म्हणजे साडेबावीस हजार लिटरांहून थोडे अधिकच पाणी. दहा हजार लिटरांचे सव्वादोन टँकर. एवढ्यावर ह्यांचा चेहरा पडला नाही, "फक्त सव्वादोन?" असेच ते म्हणाले. तेव्हा भावोजींनी दुसरा हिशेब मांडला. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागते, असे पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण आहे. आम्ही घरात आठ माणसे. म्हणजे हा तलाव एकदा भरायचा, तर अख्ख्या घराचे तीन आठवड्यांचे पिणे, रांधणे, धुणे आणि न्हाणे त्यात ओतायचे.

"पण एकदाच ना?" इति हे.

"एकदाच. पण ऊन आहे ना, दादा."

मग कळले की वैशाखातल्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटर उतरते. ऐकायला हे एखाद्या बांगडीच्या जाडीएवढे वाटते. पण दोनशे चौरस फुटांवर आठ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दीडशे लिटर. माणसाच्या रोजच्या गरजेहून अधिक! थोडक्यात, तलाव बांधला की सूर्यनारायण हे आमच्या घरातले नववे माणूस होणार, आणि सगळ्यांत जास्त पाणी तेच पिणार. त्यांना आवरायचे, तर पोहून झाल्यावर तलावावर रोज आच्छादन घालायचे. गादीवर पलंगपोस घालायचे ज्यांना आठवत नाही, ते हे करणार असतील तर तलावाचा विचार करावा, एवढेच मी म्हणाले.

मराठी शिकवणाऱ्या बाईला ह्यात शब्दांचे नवल वाटणारच. पाणी अडवून धरायच्या जागांना आपल्याकडे किती नावे! तळे, टाके, कुंड, बारव, पुष्करणी, हौद. ह्या प्रत्येक शब्दात कोणी तरी पाणी भरते आहे, कोणी धूत आहे, कोणी जनावराला पाजते आहे. 'तरणतलाव' हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा. ह्या आमच्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. नळाला तोटी आली आणि हौदांचे काम संपले. पण फडके हौद, बाहुलीचा हौद ही नावे पत्ता सांगताना अजून आपल्या तोंडी आहेत. हौद म्हणजे उद्याची सोय आणि तरणतलाव म्हणजे आजची मौज, असा भेद मी त्या दिवशी मोठ्या ऐटीत केला. तो पुढे वन्संनी मोडून काढला, ते सांगतेच.

वन्सं लातूरला असतात आणि भाऊबीजेला येतात. तलावाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला, तेव्हा त्यांनी तो नीट पाहिला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे २०१६ साली आगगाडीनं पाणी आलं, आठवतं का रे?"

आठवत होते. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. भावोजींनी सवयीने भागाकार केला. एका वाघिणीत आमचे दोन तलाव भरून वर थोडे उरले असते. कोणी काही बोलले नाही. वन्संच म्हणाल्या, "मी तलाव बांधू नका म्हणत नाही. तेव्हा आम्ही लोणच्याची बरणीसुद्धा धुऊन पाण्यानं भरून ठेवली होती. माझं म्हणणं इतकंच, की नळाच्या आणि टँकरच्या पाण्यानं भरू नका. तुमच्या गच्चीवर आकाशातून पडतंय ते कुठं जातं?"

ते कुठे जाते, हे आम्हाला पक्के ठाऊक होते. ते सोसायटीच्या रस्त्यावर जाते आणि तिथे स्कूटर घसरतात.

पुन्हा कागद. गच्ची हजार चौरस फुटांची. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. म्हणजे नुसत्या गच्चीवर सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे धुळकट पाणी सोडून द्यायचे, काही वाया जाणार, म्हणून एक पंचमांश वजा केले तरी ५२ हजार उरतात. तलाव दोनदा भरून वर पाणी शिल्लक! आणि एखाद्या वर्षी पाऊस रुसला, तर त्या वर्षी पोहायचे नाही. साठलेले पाणी झाडांना, फरशीला, संडासाला वापरायचे. म्हणजे वन्संनी आमच्या तरणतलावाचा बघता बघता हौद करून टाकला.

ह्या हिशेबातून एक गोष्ट मात्र अशी निघाली, की तिने मुलांची तोंडे उतरली. पावसाने तलाव भरायचा, तर तो भरणार आषाढ-श्रावणात. येत्या मे महिन्यात त्यात पाणी नसणार. भावोजी म्हणाले, "बांधकामालाही तेच बरं." पाऊस संपल्यावर जमिनीतले पाणी वर आलेले असते. आत्ता एक परीक्षेचा खड्डा खणला, की खाली मुरूम आहे की काळी माती, आणि पाझर किती वर येतो, हे समजते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर विसंबून तलाव बांधणे म्हणजे श्वास घेणाऱ्या पोटावर काचेची बरणी ठेवण्यासारखे. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात आणि तोवर त्याला ओले राखावे लागते. हे काम मार्गशीर्ष-पौषात सुखाने होते, वैशाखात ते तापाच्या माणसाच्या कपाळावरच्या घडीसारखे मिनिटामिनिटाला सुकते. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. भर पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवला, तर खालचे भूजल त्याला होडीसारखा वर उचलू शकते. पावसाळ्यात तो भरलेलाच बरा.

इतका वेळ सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळं मोजलंत. कुंपण कुठाय?"

भावोजींनी कागदावर तीन बाजूंना रेघ ओढली. चौथ्या बाजूला आमच्या स्वयंपाकघराचे मागचे दार.

"आणि इथं?"

"इथं घरच आहे की, आई."

सासूबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. लग्न होऊन मला बावीस वर्षे झाली. त्यांनी सांगितलेली ही गोष्ट मी तोवर ऐकलेली नव्हती. त्यांच्या माहेरी, वाईजवळच्या खेड्यात, परसात बैलांसाठी हौद होता. मोठ्या माणसाच्या कमरेइतका. त्यांचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा. दुपारची जेवणे होऊन घर लवंडले होते. मागचे दार नुसते लोटलेले. "ओरडला नाही, पाणी उडालं नाही, काही नाही. मी दारातच सागरगोटे खेळत होते. दहा पावलांवर. मला कळलं नाही." एवढेच बोलून त्यांनी पुन्हा वाती घेतल्या. जावेने आपल्या चार वर्षांच्या मुलाला उगाचच मांडीवर ओढून घेतले.

बुडणारे मूल हात हलवून ओरडते, हे नाटकात-सिनेमात. प्रत्यक्षात ते बहुधा गुपचूप जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. हा आकडा मी नंतर शोधून काढला. सासूबाईंना त्याची गरज नव्हती. भावोजींनी मुकाट्याने चौथी रेघ ओढली. चारी बाजूंनी चार फुटांवर उंच कुंपण, आडव्या पट्ट्या नाहीत म्हणजे चढायला पाय ठेवता येणार नाही, दार आपोआप मिटणारे आणि त्याची खिटी मुलाच्या हाताबाहेर. आणि कुंपण आधी, खड्डा नंतर. कारण पावसात अर्धवट खणलेला खड्डा हासुद्धा तलावच असतो.

थोरलीने मग शेवटचे कलम घातले. घरात पोहता येते कोणाला? ह्यांना येते. लहानपणी मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून ते शिकले आणि मुटका मारण्यात त्यांची ख्याती होती. भावोजींना थोडे येते. आम्हा बायकांपैकी कोणालाही नाही. पोहता न येणाऱ्यांच्या घरात तलाव म्हणजे वाचता न येणाऱ्याच्या घरात ग्रंथालय. फरक इतकाच, की ग्रंथ अंगावर कोसळत नाहीत. तेव्हा ठरले ते असे. या हिवाळ्यात कुंपण आणि बांधकाम. येत्या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांनी, माझ्यासकट, सार्वजनिक तलावावर शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहायला शिकायचे. पावसाळ्यात आकाशाने तलाव भरायचा. आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पहिली उडी. बारा वर्षांच्या आमच्या चिरंजिवांनी बोटे मोजली आणि "म्हणजे दीड वर्ष!" म्हणून सुस्कारा टाकला. मी म्हटले, "बाळा, विहीर आहे ही. तहानेच्या आधी खणायची म्हणजे एवढे थांबायचेच."

वाचकहो, तुमच्यापैकी फार थोड्यांच्या घरामागे तलावाची जागा असेल, हे मला ठाऊक आहे. पण गावाकडच्या घरी, शेतावर, चार भावंडांनी मिळून घेतलेल्या जागेत असा विचार आता पुष्कळ ठिकाणी निघतो. तो निघाला, तर थंडीत काढा. गच्चीवर किती पाऊस पडतो ते मोजा. बंद ठेवलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, तेव्हा न पोहण्याच्या दिवसांतही पाणी फिरते आणि स्वच्छ ठेवणारे कोण, हे नावानिशी ठरवा. पाणी गळते की नुसते उडते, अशी शंका आली तर पायरीवर एक भरलेली बादली ठेवा. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला, तर गळती आहे असे समजा. आणि कागद घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसासमोर ठेवायला विसरू नका.

उन्हाळ्यात आपल्याला फक्त पाणी दिसते. थंडीत पाण्याभोवतीची माणसे दिसतात. दिवाळीच्या फराळात पोहण्याचा विषय पोह्यांच्या चिवड्यावर संपला नाही, ह्याचे समाधान मला वाटते ते ह्याचसाठी.