मॉर्फीनची नस्ती

गेल्या महिन्यात एका प्रशिक्षण वर्गात नव्या अधिकाऱ्यांपुढे अमली पदार्थविषयक कायद्यावर बोलण्याचा प्रसंग आला. जप्ती, पंचनामा, नमुने सीलबंद करण्याची रीत, यांवर त्यांचे प्रश्न तयारच होते. मी मात्र त्यांना माझ्याच एका शेऱ्याची हकिगत सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

माझा संवर्ग महाराष्ट्राबाहेरचा. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडील एका राज्याच्या सचिवालयात मी आबकारी विभागात उपसचिव होतो. 1985 च्या केंद्रीय कायद्याने अफू व तिच्यापासून बनणाऱ्या पदार्थांच्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली होती. वैद्यकीय वापराला त्याच कायद्यात मुभा होती, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नसे. डॉक्टर घाबरत, औषधविक्रेते घाबरत आणि खरे सांगायचे तर आम्हीही घाबरत असू. रुग्णालयाला मॉर्फीनच्या गोळ्या ठेवायच्या तर आबकारी, आरोग्य, औषध नियंत्रण अशा निरनिराळ्या कार्यालयांचे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. प्रत्येकाची मुदत वेगळी. एक संपला की बाकीचे निरुपयोगी. परिणामी 1997 साली साऱ्या देशाचा मॉर्फीनचा वैद्यकीय वापर अवघ्या 18 किलोंवर आला होता. आणि हा देश कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातील प्रमुख देशांपैकी एक! पुढे एकदा नीमच-मंदसौर भागात दौऱ्यावर गेलो असताना बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करणारे शेतकरी पाहिले. चिकाचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवून ते तो सरकारच्या हवाली करतात. त्या वेळी मला माझी जुनी नस्ती आठवली आणि तेथे फार वेळ थांबवले नाही.

ती नस्ती एका कर्करोग रुग्णालयाच्या परवान्याच्या नूतनीकरणाची होती. मुदत 31 मार्चला संपलेली. अर्ज वेळेत आला होता. मी शेरा मारला, ‘मागील वर्षाच्या साठ्याचा मेळ सादर करावा.’ शेरा चूक नव्हता, नियमाप्रमाणेच होता. नस्ती खाली गेली, पत्र निघाले, उत्तर आले, ते भलत्याच शाखेत पडून राहिले. सात आठवडे गेले.

मध्यंतरी त्या रुग्णालयातले एक प्रौढ डॉक्टर मला भेटायला आले. साठा संपला आहे, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, “डॉक्टरसाहेब, गोळी नाही मिळाली तर इतके हाल होतात म्हणजे तुमच्या रुग्णांना व्यसनच लागले म्हणायचे ना?” ते रागावले नाहीत. त्यांनी एका बाईची हकिगत सांगितली. गर्भाशयमुखाचा कर्करोग, अखेरचे दिवस. दर चार तासांनी गोळी घेऊन ती घरी भाकरी भाजत होती, नातवाला मांडीवर घेत होती. गोळ्या संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, अंगावर काटा. मूळ दुखणे परत आलेच, पण ज्या भागाला कर्करोगाचा स्पर्शही नव्हता तेथेही चादर टेकलेली तिला सोसवेना. “साहब, यह नशा नहीं है, शरीर का हिसाब है,” असे ते म्हणाले. नस्ती मंजूर झाली तेव्हा ती बाई हयात नव्हती.

‘शरीराचा हिशेब’ म्हणजे काय, हे मी त्यानंतर समजून घेतले. मॉर्फीन मेंदूतील व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींवर बसते आणि वेदनेचा संदेश पुढे जाताना दाबून धरते. हे दडपण रोज राहिले की चेतापेशी आतून उलटा जोर लावू लागतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तोच परिणाम साधायला मात्रा वाढवावी लागू शकते. आणि औषध एकाएकी काढले तर आतला जोर तेवढा उरतो, त्याला अडवणारे काही नसते. मग वेदनेची यंत्रणा पूर्वीपेक्षाही हळवी होते. हे शारीरिक अवलंबित्व नियमित औषध घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येते. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा रक्तदाबाची काही औषधेही एकदम बंद करता येत नाहीत. त्या रुग्णांना आपण व्यसनी म्हणत नाही. व्यसन म्हणजे हानी दिसत असूनही ओढ न आवरणे. ते काहींनाच लागते. आमच्या विभागाच्या टिपण्यांत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द होता, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा तेथेच होता.

मात्र अफूवर्गीय औषधांचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. काही रुग्णांत मोठ्या मात्रा दीर्घकाळ चालू असतानाच, औषध बंद न करताही, वेदना वाढत जाते. दुखणे पसरते, जरा स्पर्श झाला तरी कळ येते, आणि मात्रा वाढवली की आणखी बिघडते. व्यसनमुक्तीसाठी मेथाडोन घेणाऱ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला सांगितले, तर ते इतरांपेक्षा पुष्कळ लवकर हात बाहेर काढतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. अशा वेळी मात्रा हळूहळू उतरवणे किंवा औषध बदलणे हाच उपाय, आणि तो निर्णय रुग्णाच्या उशाशी बसूनच घ्यावा लागतो.

अमेरिकेने दोन्ही टोके गाठली. 1980 साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले: रुग्णालयात ही औषधे दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल असलेल्यांविषयीचे हे निरीक्षण पुढे घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या पाठदुखीच्या रुग्णांनाही लावले गेले. 1996 साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले, आणि दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल ते बनवणाऱ्या कंपनीने 2007 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर अपार हानी झाली होती. मग लंबक उलटा फिरला. 2016 साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने, दिवसाला 90 मिलिग्रॅम मॉर्फीनइतकी मात्रा शक्यतो टाळावी, अशी डॉक्टरांसाठी सूचना काढली. विमा कंपन्यांनी व काही राज्यांनी तिचा पक्का नियम केला, आणि वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांची मात्रा रातोरात तोडली गेली. एप्रिल 2019 मध्ये तेथील औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की असे एकाएकी तोडल्याने तीव्र वेदना उसळतात, आत्महत्यासुद्धा होतात. 2022 साली सूचना सुधारल्या गेल्या. सूचनेचा नियम आणि नियमाचा शेरा कसा होतो, हे आपल्या कार्यालयांत बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडेही गैरवापर काल्पनिक नाही. केंद्र शासनाच्या 2019 च्या अहवालानुसार सुमारे 2.1 टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात, आणि त्यांत हेरॉइनचा वाटा सर्वांत मोठा आहे. ट्रामाडोलला 2018 साली या कायद्याखाली आणले ते योग्यच झाले, असे मला वाटते. पण कर्करोगाच्या रुग्णाची गोळी आणि ही बाजारपेठ यांची सांगड घालण्यास फारसा आधार नाही. कोझिकोडच्या वेदनाशामक केंद्राने 1990च्या दशकात सतराशेहून अधिक रुग्णांना मॉर्फीनच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. दोन वर्षांच्या पाहणीत गैरवापराचे एकही प्रकरण आढळले नाही. डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

2014 साली संसदेने कायदा सुधारला. ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग झाला, 2015 च्या नियमांनी साऱ्या देशासाठी एकच पद्धत आली, अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता आली. कागदावर ही फार मोठी सुधारणा आहे. तरी 2017 साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने काढलेल्या हिशेबानुसार भारतातील वेदनाग्रस्तांची गरज केवळ 4 टक्के भागत होती. कायदा बदलला, पण साठा ठेवण्याची भीती गेली नाही, आणि जिल्हा पातळीवर अर्ज करायलाच कोणी पुढे येत नाही.

त्या वर्गात एका तरुण अधिकारी बाईंनी विचारले, “सर, मग तुम्ही तेव्हा मेळ मागायचाच नव्हता का?” मागायचा होता. साठ्याचा मेळ लागलाच पाहिजे. पण अर्ज वेळेत आला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहील, एवढे एक वाक्य त्याच शेऱ्याखाली लिहायला हवे होते. तसे लिहिण्याचा अधिकार मला होता का, हे मी तेव्हा तपासलेच नाही. आजही ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर अशी नस्ती येते, त्याने आधी मुदतीची तारीख पाहावी आणि मग रुग्णालयाला दूरध्वनी करून विचारावे की साठा किती दिवसांचा उरला आहे.