जुनं विलायती चित्र घ्यावं का?



वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान नुकतेच निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत जमा झाली आणि आठ दिवसांत एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. त्यांनी फोनवर एका तैलचित्राचा फोटो दाखवला. "तीनशे वर्षांपूर्वीचं इटालियन चित्र आहे, एका संस्थानिकाच्या वाड्यातून आलंय. चार लाखांत मिळतंय, पाच वर्षांनी लंडनला दहा लाख कुठे गेले नाहीत!" असं त्यांचं म्हणणं. यजमानांचं मन जवळजवळ ठरलं आहे. भगिनी लिहितात, "मला चित्रातलं काही कळत नाही. नको म्हटलं तर अडाणी ठरेन. धाकटीचं लग्न अजून व्हायचं आहे. काय करू?"

ताई, चित्र कळत नाही म्हणजे बोलायचा हक्क नाही, हे आधी मनातून काढून टाका. पैठणी घेताना आपण काय करतो? पदर उलटा करून मागची बाजू बघतो, दुकानदाराचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकतो. तो "पैठणी" म्हणाला की "पैठणी टाइप" म्हणाला, यावर किंमत ठरते. इथेही तेच करायचं आहे.

"संस्थानिकाच्या वाड्यातून आलं" हे खरंही असेल. आपल्या संस्थानिकांनी युरोपातून चित्रं आणली होतीच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तर त्यासाठी स्वतंत्र चित्रदालन बांधलं. १९१४ साली इमारत पुरी झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रं युरोपातच अडकली आणि दालन उघडायला १९२१ साल उजाडलं. पण त्याच बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात, युरोपच्या थोर चित्रकारांच्या चित्रांवरून केलेल्या नकलाही आहेत. त्या काळी नक्कल करणं ही काही लबाडी नव्हती. विद्यार्थी तसेच शिकत आणि हौशी लोक नकला मागवून घेत. तेव्हा वाड्याचं नाव ऐकून चित्र कुठे टांगलेलं होतं तेवढं कळतं. ते कुणी काढलं, ते कळत नाही.

मोठ्या लिलावांच्या यादीत यासाठी ठरलेले शब्द असतात. नुसतं चित्रकाराचं नाव असेल, तर चित्र त्याच्याच हातचं आहे असं जाणकारांचं मत. "अॅट्रिब्यूटेड टू" म्हणजे बहुधा त्याचं. "स्टुडिओ ऑफ" म्हणजे त्याच्या चित्रशाळेतलं, शिष्यांच्या हातचं. "सर्कल ऑफ" म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं तरी. "मॅनर ऑफ" म्हणजे त्याच्या धाटणीचं, पण बरंच नंतरचं. आणि "आफ्टर" म्हणजे सरळसरळ नक्कल. बघा, शब्द एवढासा, पण त्याने किंमत लाखावरून हजारावर येते. तुमच्या गृहस्थांनी तर चित्रकाराचं नावही सांगितलेलं दिसत नाही. नुसतं "इटालियन" म्हणजे नुसतं "रेशमी" म्हटल्यासारखंच झालं!

आता कुणी म्हणेल, रंगाला बारीक चिरा पडल्यात, म्हणजे चित्र जुनंच. त्याचीही एक गोष्ट ऐका. हॉलंडमध्ये हान व्हान मेगेरेन नावाचा चित्रकार होता. तो सतराव्या शतकातली जुनी चित्रं घेई, त्यांवरचा रंग काढून त्याच कापडावर वरमीरच्या धाटणीचं नवं चित्र रंगवी. रंगात बेकेलाइटचं रसायन मिसळून चित्र चक्क भट्टीत भाजी, म्हणजे रंग शेकडो वर्षांचा असावा तसा कडक होई. मग ते नळकांडीवर गुंडाळून चिरा पाडी. १९३७ साली त्याचं असं एक चित्र नावाजलेल्या तज्ज्ञाने अस्सल ठरवलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. १९४५ साली, नाझी पुढारी गोरिंगला देशाचा ठेवा विकल्याचा आरोप आला, तेव्हा कुठे त्याने कबूल केलं की ते चित्र मीच रंगवलंय! जिथे तज्ज्ञ फसले, तिथे फोनवरच्या फोटोवरून आपण काय पारखणार?

"पण नशीब उघडतं की कुणाकुणाचं!" असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. लिओनार्दोचं म्हणून गाजलेलं "साल्व्हातोर मुंडी" १९५८ साली लंडनला अवघ्या ४५ पौंडांना गेलं होतं आणि २०१७ साली न्यूयॉर्कला ४५ कोटी डॉलरना विकलं गेलं, हे खरं आहे. पण मधे कित्येक वर्षांची साफसफाई, तपासण्या आणि अभ्यास झाला. एवढं होऊनही ते पूर्णपणे लिओनार्दोच्याच हातचं, हे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. लॉटरी एकाला लागते म्हणून कुणी ग्रॅच्युइटीची तिकिटं काढत नाही.

सगळ्यांत मोठी मेख आहे ती लंडनच्या दहा लाखांत. १९७२ सालचा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींचा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोल असलेलं चित्र या कायद्याखाली येतं आणि ते कुणाही खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. पाठवलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. म्हणजे चित्र खोटं निघालं तर पैसे गेले, आणि खरं निघालं तर लंडनची वाट बंद!

शिवाय सोनं सराफाकडे नेलं तर त्याच दिवशी पैसे हातात पडतात. चित्राला गिऱ्हाईक शोधावं लागतं. वर्ध्याच्या मे महिन्यातलं कडक ऊन आणि पाठोपाठ पावसाळी दमट हवा, यात जुनं तैलचित्र सांभाळणं हेही खर्चाचंच काम आहे.

तेव्हा गृहस्थांना चहा द्या आणि पुढच्या गोष्टी लेखी मागा.

१. चित्रकाराचं नाव, आणि ते कुणी, कशावरून ठरवलं.

२. चित्र आजवर कुणाकुणाकडे होतं, त्याच्या पावत्या.

३. पुरातन वस्तू विकण्याचा पुरातत्त्व खात्याचा परवाना आणि चित्राच्या नोंदणीचं प्रमाणपत्र.

४. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकाराला मूळ चित्र दाखवण्याची तयारी. कायद्याची चौकशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयात करता येईल.

५. चित्र खोटं ठरलं तर पैसे परत करण्याची हमी.

तोवर विसार म्हणून एक रुपयाही द्यायचा नाही. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाले, तर खुशाल येऊ द्या.

आता यजमानांशी कसं बोलावं? चारचौघांत "तुम्ही फसताय" म्हणू नका. निवृत्तीनंतर माणसाला आपण अजून काहीतरी मोठं करून दाखवावं असं वाटतं, आणि तो दुखावला की हट्टाला पेटतो. रात्रीची आवराआवर झाली की वही घेऊन शेजारी बसा. लग्नाचा खर्च, दवाखान्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम, दोघांचा महिन्याचा खर्च, सगळं मांडा. उरलेल्यातून चार लाख बुडाले तरी चालतील का, एवढंच विचारा. वहीतला आकडाच पुढचं बोलेल. नालवाडीला तर हिशेबाची परंपराच आहे. पवनारला जाण्याआधी विनोबांनी तिथेच नुसत्या सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहिलं होतं.

आणि चित्राची आवड असेल तर ती मात्र मारू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली अस्सल युरोपीय चित्रं आहेत. पुढच्या खेपेला मुंबईला गेलात की दोघं मिळून एक दुपार तिथे घालवा. आवडलेल्या चित्राची छापील प्रत चौकटीत बसवून बैठकीत लावा. ती नक्कल आहे हे घरच्यांना आणि पाहुण्यांना माहीत असेल. तिच्यापायी धाकटीच्या लग्नाचा पैसा मोडावा लागणार नाही.