गंजानें धरलेलीं चाकें

तीन पिढ्या जेथें एकत्र नांदतात अशा पुष्कळ घरीं अंगणाच्या कडेला किंवा रिकाम्या पडलेल्या गोठ्यांत एखादी जुनी मोटार उभी असते. ती कोणी चालवीत नाहीं आणि कोणी विकूंही देत नाहीं. मग एखाद्या सुटींत घरच्या तरुणांना ती चालूं करण्याची उमेद येते. दोन दिवसांच्या खटपटीनें एंजिन सुरूही होतें. परंतु गाडी जागची हालत नाहीं. ब्रेकांचे ड्रम गंजून चाकें जागच्या जागीं जखडलेलीं असतात. येथून पुढें घरांत हातोड्याचें राज्य सुरू होतें, आणि ह्या महिन्यांत आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या हातोड्याविषयींच.

रत्नागिरीस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं अशी एक अँबॅसडर आहे. घरांतील थोरले बंधू हयात असतांना आळींतील कित्येक बाळंतिणी रात्रीं-अपरात्रीं तिच्यांतूनच इस्पितळांत गेल्या. ते निवर्तल्यावर ती हँडब्रेक ओढलेल्या स्थितींत सहा पावसाळे पडवीच्या टोकाशीं उभी राहिली. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस ह्यांपुढें लोखंडाचें काय चालणार? धाकट्या बंधूंचें म्हणणें, वजनावर विकून मोकळें व्हावें. थोरल्या वहिनींचें म्हणणें, ती जाईल तेव्हां स्वतःच्या चाकांवर अंगणाबाहेर जाईल, उचलून नव्हे. शेवटीं पुतण्यांना पंधरा दिवसांची मुदत मिळाली. पहिल्याच दिवशीं बाजारांतून आणलेल्या एका कारागिरानें पुढील डावा ड्रम घणानें ठोकला, आणि तो कडेपासून मध्यापर्यंत तडकला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भंगारवाला भाव सांगून गेला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ब्रेकाचा ड्रम बिडाचा असतो. बीड दाबास दाद देत नाहीं, पण ओढीस आणि आघातास कच्चें. पोलाद वांकेल तेथें बीड फुटतें. आणि अँबॅसडर बनविणारा उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ सालींच बंद पडला असल्यामुळें फुटलेल्या ड्रमाच्या जागीं दुसरा सहज मिळेलच, असा भरंवसा धरतां येत नाहीं. उरलेल्या तीन ड्रमांपैकीं आणखी एक जरी फुटला असता, तरी वहिनींचा पक्ष त्याच दिवशीं हरला असता.

तिसऱ्या दिवशीं एक वयोवृद्ध मिस्त्री आले. आम्ही त्या सुमारास तेथें पाहुणे होतों. आमचा जन्म शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला. पण त्या गृहस्थांची काम करण्याची रीत पाहून एखाद्या जुन्या वैद्याची आठवण व्हावी. त्यांनीं प्रथम घण उचलून ओसरीवर ठेवविला. मग फुटलेल्या ड्रमाचें तोंड तारेच्या ब्रशानें खरवडून मुलांना दोन लहान स्क्रूंचीं डोकीं दाखविलीं. ड्रम हबाला त्या दोन स्क्रूंनीं जखडलेला होता, आणि गंजाच्या थराखालीं तीं डोकीं दिसेनाशीं झालीं होतीं. "गुरुजी," ते आम्हांस म्हणाले, "तो बापडा गंजावर घाव घालीत नव्हता, स्क्रूंवर घालीत होता."

मागचीं चाकें उचलावयाचीं तर हँडब्रेक सोडावा लागतो, आणि तो सोडला कीं गाडीस धरून ठेवणारें कांहीं उरत नाहीं. म्हणून आधीं सपाट जमिनीवर पुढच्या चाकांस दोहों बाजूंनीं लाकडी ठोकळे लावले आणि उचललेल्या भागाखालीं लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं शिरूं नये. विटांचा थर तर मुळींच नको, कारण वीट भार घेतां घेतां एकाएकीं फुटते.

त्यानंतर त्यांनीं प्रत्येक चाक नुसतें हातानें फिरवून पाहिलें. ह्या पांच मिनिटांतच खरें काम झालें, असें आमचें मत आहे. कारण सर्व ड्रम 'अडकले' होते खरे, पण प्रत्येक निराळ्या ठिकाणीं अडकला होता.

पुढचें उजवें चाक मोकळें फिरत होतें. म्हणजे आंतील लायनर ड्रमास चिकटलेले नव्हते. ड्रमाच्या मधल्या भोकांत हबाची जी वर्तुळाकार कड बसते, तेथें गंजानें पाचर मारली होती. लोखंड गंजलें म्हणजे तें मूळच्यापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतें, आणि ती जागा त्या दोहोंमध्यें नसते. म्हणून पकड इतकी घट्ट. प्रथम दोन्ही स्क्रू काढणें आलें. ते पेचकसाला दाद देईनात, तेव्हां डोक्यावर ठोका बसला कीं आपोआप थोडा फिरणारा असा एक पेचकस त्यांनीं लावला. एक निघाला, दुसऱ्याचें डोकें ड्रिलनें कापावें लागलें. मग हबाच्या कडेशीं गंज भेदणारें पातळ तेल सोडून रात्रभर तसेंच राहूं दिलें. सकाळीं ड्रमाच्या तोंडावर, चाकाच्या दोन बोल्टांच्या मध्यें, एका बाजूस एक व समोरच्या बाजूस एक असे हलके ठोके देत ड्रम थोडा थोडा फिरविला. कडेवर एकही ठोका नाहीं. तिसऱ्या फेरीस तपकिरी भुकटी गळूं लागली, आणि ड्रम हातांत आला. (कित्येक गाड्यांच्या ड्रमांत आटे पाडलेलीं दोन भोकें असतात, त्यांत बोल्ट पिळून दोन्ही बाजूंनीं सारखें ढकलतां येतें. एकच बोल्ट पिळत राहिल्यास ड्रम तिरपा होऊन अधिकच अडकतो.) मुलांपैकीं एकानें गॅसच्या ज्योतीनें तापविण्याची सूचना केली. तापविल्यानें ड्रम फुगतो हें खरें, परंतु आंत रबरी वाट्या, ग्रीस आणि ब्रेकाचें तेल असतें. तें काम सरावलेल्या हाताचें आणि शेवटचें.

मागचें डावें चाक मुळींच फिरेना. हँडब्रेकचा दांडा खालीं होता, पण त्याची केबल गंजून आवळलेलीच राहिली होती. ती चाकापाशीं सोडविली, तरीही चाक हालेना. म्हणजे लायनर आणि ड्रम एकमेकांस धरून बसले होते. येथें मिस्त्रींनीं उलटेंच केलें: काढलेलें चाक पुन्हां बसविलें आणि तेंच धरून मागें-पुढें हालवावयास मुलांना सांगितलें. चाकाच्या मोठ्या घेराचा जोर ड्रमास मिळतो. दुसऱ्या गाडीला दोर बांधून हिसका देण्याची जी लोकप्रिय पद्धत आहे, तिनें लायनर शूवरून उखडून निघण्याचें भय असतें. चार दिवस गेले, पण पांचव्या दिवशीं कट् असा आवाज होऊन चाक सुटलें. पुढचें चाक असें धरून बसलें असतें, तर केबलचा दोष संभवत नव्हता, कारण हिच्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांस असतो. तेव्हां जुनी रबरी नळी आंतून सुजून ब्रेकाचें तेल परत येऊं देत नाहीं कीं काय, हें पाहिलें असतें. हवा काढण्याचा छोटा नट सैल करतांच तेल चिळकांडी मारून चाक मोकळें झालें, तर दोष नळीचा.

मागचा उजवा ड्रम बोटभर बाहेर आला आणि स्प्रिंगसारखा परत गेला. येथें गंजाचा संबंधच थोडा. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें ड्रमाची आंतली बाजू झिजून खोलगट होते व मागच्या कडेला न झिजलेला कांठ उरतो. त्या कांठांत ब्रेकचे शू अडकतात. शू जवळ-दूर करणारी जुळणी कोणत्या गाडींत ड्रमाच्या तोंडावरील छिद्रांतून फिरवितात, कोणत्या गाडींत मागच्या पत्र्याच्या बाजूनें. ती सैल करून शू आंत घेतले, आणि ड्रम एका हातानें निघाला. ह्याच ड्रमावर पहिल्या दिवसाचा घण चालला असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको.

ड्रम निघाल्यावर आंत जी करडी भुकटी दिसते, तिच्याविषयीं घरच्या वडील मंडळींनीं विशेष कडक असावें. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असे. त्याचे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसतात, आणि त्यांपासून होणारे रोग कित्येक दशकांनीं प्रकट होतात. फुंकर मारून किंवा हवेच्या नळीनें ही भुकटी कधींही उडवूं नये. पाण्यानें भिजवून ओल्या फडक्यानें टिपावी, तोंडास योग्य मास्क बांधावा, फडकें पिशवींत बांधून टाकावें, लहान मुलांना दूर ठेवावें. त्या दिवशीं शेजारीं पापड वाळत होते. मिस्त्रींनीं ते उचलून नेईपर्यंत ड्रमास हात लावला नाहीं. आमच्या रसशास्त्रांत शंभर वर्षांचा मंडूर, म्हणजे लोखंडाचा जुना मळ, औषधास उत्तम मानिला आहे. पण ड्रमांतील मळाला हा मान देऊं नये.

पुढचें काम त्वरेनें झालें. तेल झिरपून भिजलेले लायनर धुऊन पुन्हां वापरतां येत नाहींत, आणि बदलावयाचे ते एका आंसाच्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीं तर ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढते. चाकांतील रबरी वाट्या व ब्रेकाचें तेल नवें घातलें. हें तेल हवेंतील ओलावा शोषितें, म्हणून सहा वर्षांपूर्वींचें तेल विश्वासास पात्र नव्हे. फुटलेल्या ड्रमाच्या जागीं कोल्हापुराहून एका मोडीत निघालेल्या गाडीचा ड्रम आला व लेथवर साफ करून बसविला. चौदाव्या दिवशीं गाडी अंगणांत दहा हात पुढें व दहा हात मागें गेली. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, आणि तिची ती तपासणी अद्याप व्हावयाची आहे. तोंवर फाटकाबाहेर न्यावयाची नाहीं, असें वहिनींनीं पुतण्यांकडून कबूल करून घेतलें. धाकटे बंधू कांहीं बोलले नाहींत, पण भंगारवाल्यास त्यांनींच परत पाठविलें.

ड्रम परत चढवितांना हबाची कड ब्रशानें स्वच्छ करून तिच्यावर, आणि फक्त तिच्यावरच, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा नखाएवढा थर द्यावा. लायनरास त्याचा स्पर्शही होतां कामा नये. पावसाळ्यांत गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवूं नये. पहिला गिअर टाकावा, चाकांस ठोकळे द्यावेत, आणि आठवड्यांतून एकदां घरांतील कोणीं तरी ती हातभर मागें-पुढें करावी.