पेशगीचा रकाना

ग्वाल्हेरच्या नई सडकेवर माझ्या भाच्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, बाहेर ओळीनं मांडलेल्या कुंड्या आणि आत एक टेबल. रोपवाटिका शहराबाहेर. लोकांच्या गच्च्या, बंगल्यांपुढची लॉन आणि एखाददुसऱ्या हॉटेलची बाग सांभाळायचे ठेके तो इथे बसून घेतो. महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून त्याच्या वह्या मी बघते. तपासणीची खोड नोकरीबरोबर सुटत नाही, आणि मला ती सोडायचीही नाही.

मध्यंतरी एका मोठ्या हॉटेलच्या ठेक्याचा फॉर्म आला. शेवटच्या पानावर एक घोषणा होती: आमच्याकडे किंवा आम्हाला माल देणाऱ्यांकडे वेठबिगार, बालमजूर किंवा कर्जापोटी अडकवलेले मजूर नाहीत. भाचा म्हणाला, "आत्या, इथे फक्त सही करायची आहे. आपल्याकडे कुठले गुलाम?"

असली कलमं साता समुद्रापलीकडून येतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानं ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून मोठी उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडच्या गुलामगिरीबद्दल दरवर्षी निवेदन द्यावं लागतं. कंपनी तो प्रश्न पुरवठादाराला विचारते, तो त्याच्या ठेकेदाराला, आणि शेवटच्या माणसापाशी पोचेपर्यंत प्रश्नाची उरते ती सहीची एक रेघ. पण प्रश्न चांगला आहे. आणि त्याचं उत्तर वहीत मिळतं.

मी पेशगीचा रकाना काढला. रोपवाटिकेवर राहणाऱ्या माळ्याच्या नावावर बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले अठरा हजार; दरमहा दीड हजार पगारातून कापून. यात गैर काही नाही, पेशगी देणं हा गुन्हा नव्हे. मी विचारलं, "उद्या हा म्हणाला, मी गावी जातो, तर?" भाचा सहज म्हणाला, "आधी हिशेब चुकता करेल, मग जाईल." १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा नेमका या सहजपणासाठी आहे. उसनवारीच्या बदल्यात माणसाचा काम सोडायचा, दुसरीकडे जायचा हक्क गेला, की ती वेठबिगारी. करार तोंडी असो की कागदावर. मजूर वेठबिगार नाही हे सिद्ध करायचं ओझंही कायद्यानं मालकावर टाकलं आहे. कायदा झाला तेव्हा शिक्षा ठरली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजारांत आज भाच्याच्या दुकानातली चार मोठी कुंडीझाडंही येत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. पगार माळ्याचा, पण पहाटे पाइप धरून वाफे भिजवते त्याची बायको, तण काढते तीच, आणि वहीत तिचं नावच नाही. "राहायला खोली दिलीय की," भाचा म्हणाला. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमातले सक्तीचे श्रम, असा निकाल दिला. खोलीचं भाडं हे तिचं वेतन होत नाही. त्या महिन्यापासून तिचं नाव चढलं. भाचा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होता.

आता बाहेरचा माल. कुंड्या कुंभाराकडच्या, घरचंच काम. शेणखत डेअरीतून येतं. तिथे फार खोदावं लागलं नाही. वाफ्यांच्या कडेच्या विटा आणि पायवाटेची फर्शी, खरी गोम या दोघांत. विटांचं गणित असं चालतं: पावसाळ्यात गावी काम नसतं, घरात धान्य संपत आलेलं असतं, तेव्हा ठेकेदार पेशगी घेऊन दारात येतो. मग हंगामभर अख्खं कुटुंब भट्टीवर. मजुरी हजार विटांमागे, पोरंसोरंही हाताखाली. पंधरवड्याला खर्ची म्हणून थोडे पैसे, आणि खरा हिशेब हंगाम सरल्यावर, मुंशीच्या वहीतून. ती वही मजुराला वाचता येत नाही, आणि जूनमध्ये काही तरी बाकी निघतंच. पुढच्या वर्षीचं येणं तिथेच ठरतं. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी नवं काहीच सांगत नाही.

महाराष्ट्रात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी ऐंशीच्या दशकात ठाणे जिल्ह्यात आदिवासींची वेठबिगारी उघडी केली, तेव्हाही लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी सापडले होते. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलनं त्या दोघांना पुरस्कार दिला. आमच्याकडे हाच फास सहरियांच्या गळ्यात असतो. ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूर, गुना या पट्ट्यातली ही जमात सरकारी यादीत अतिमागास आदिवासी म्हणून नोंदलेली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये गुना जिल्ह्यात एका सहरिया मजुराला पाच हजारांच्या उधारीवरून जिवंत जाळल्याचं प्रकरण घडलं. गुना इथून फार लांब नाही.

फर्शीबद्दल आम्हा ग्वाल्हेरकरांना अभिमान असतो. किल्ला, वाडे, देवळं, सगळं याच दगडाचं. इथला फिकट, हिरवट छटेचा वालुकाश्म मिंट या नावानं इंग्लंडातल्या अंगणांपर्यंत जातो. पण खदानीतली धूळ फुप्फुसात बसते. सिलिकोसिस झालेला माणूस औषधासाठी मालकाकडून उचल घेतो आणि ती फेडायला पोरगा खाली उतरतो. मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या दगडपट्ट्यातली ही रीत जुनी आहे.

भाच्याचा उपाय सरळ होता: संशय आला की तो पुरवठादार बंद. मला तो पटला नाही. आपण घेणं थांबवलं म्हणून ट्रॉली थांबत नाही, ती दुसऱ्याच्या दारात रिकामी होते आणि मजूर आहे तिथेच राहतो. नुसती सुटका तरी कुठे पुरते? फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडवून तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यात परत आणलेले मजूर महिनोन्महिने पुनर्वसनावाचून पडून होते, म्हणून १९८४ मध्ये नीरजा चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सरकारला खडसवावं लागलं. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया-मुलांना दोन आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत तीन लाखांची तरतूद झाली. पण त्यासाठी आधी प्रशासनानं सुटकेचा दाखला द्यायला हवा. म्हणून उघड वेठ दिसली तर भट्टीवाल्याशी वाद घालत बसू नये, कलेक्टरकडे लेखी तक्रार द्यावी. हे प्रकरण त्याच्याच अखत्यारीतलं आहे.

उघड दिसत नसेल, तर पैशांचं बोलावं. आमच्या भट्टीवाल्याला भाच्यानं विचारलं, दर आठवड्याला पुरती मजुरी माणसाच्या आणि त्याच्या बायकोच्या हातात देशील का? भट्टीवाला हसला, मग थोडा विचार करून म्हणाला, देईन, पण विटेचा दर वाढेल, आणि माल उचलायचा शब्द आधी द्यावा लागेल. भाच्याला ते महाग वाटतं. गिऱ्हाईक वाफ्यामागचा भट्टीवाला बघत नाही, आकडा बघतं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. फर्शीवाल्यानं तर फोनच उचललेला नाही. पण विटेचा दर ठरवायचा असेल तर याच महिन्यात ठरवायला हवा, कारण पाऊस लागला आहे आणि ठेकेदार पेशगी घेऊन गावोगाव फिरायला लागले असतील.