आतली, पण रस्त्यावरची शाळा

दिवाळीच्या सुटीचे वेध लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "एखादी शाळा सुचवा ना. मुलांना घेऊन जायचंय, काहीतरी वाटायचंय. जरा आतल्या भागातली असावी, पण गाडी दारापर्यंत जायला हवी. मुलं तीस-चाळीसच्या वर नकोत. आणि संध्याकाळी परत यायचंय." म्हणजे शाळा आतलीही हवी आणि रस्त्यावरचीही हवी. शिक्षणावर दर आठवड्याला लिहिणाऱ्या माणसाच्या खिशात अशा शाळांची यादी असणार, असा लोकांचा समज असतो. तो खोटा नाही. यादी आहे.

मुंबई-ठाण्याच्या माणसासाठी या यादीत जव्हार-मोखाडा सगळ्यांत वर. मुंबईहून जव्हार दीडशे किलोमीटरच्या आसपास, नाशिकहून त्याच्या साधारण निम्मं. जाताना दाभोसाचा धबधबा होतो, जव्हार संस्थानचा राजवाडा होतो, वेळ उरलाच तर वारली चित्रांची खरेदी होते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली आणि हा भाग मुंबईच्या वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत आला. मदतीच्या गाड्यांना हा रस्ता तेव्हापासून पाठ आहे. पुढे १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. सरकारचं लक्ष त्यामुळे किती वाढलं, हा स्वतंत्र लेखाचा विषय. वाटप करणाऱ्यांचं लक्ष मात्र कधीच कमी नव्हतं.

या सहलींत मला सगळ्यात जास्त खटकते ती तारीख.

दिवाळीची सुटी शहरातल्या शाळेला असते, तशी जिल्हा परिषदेच्या शाळेलाही असते. म्हणजे पाहुणे येणार म्हणून मुलांना सुटीच्या दिवशी शाळेत बोलवायचं. बोलवायचं कोणी? द्विशिक्षकी शाळेतल्या दोन शिक्षकांनी. त्यातले एक गुरुजी बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यातले असतात, पिशवी भरून गावाकडे निघालेले असतात. ते एक दिवस थांबतात, पाड्यापाड्यांवर निरोप धाडतात, वर्ग झाडून घेतात. मुलं नऊला येऊन बसतात. गाड्या अकराला येणार असतात. वाटेत नाश्ता होतो, एक गाडी मागे राहते, रस्ता चुकतो आणि एक वाजतो. तोवर मुलांनी स्वागतगीत चारदा म्हणून झालेलं असतं.

त्यात हे दिवस भातकापणीचे. कोकणात आणि सह्याद्रीच्या या उतारावर दिवाळीच्या मागेपुढे भात कापायचं, बांधायचं, झोडायचं काम जोरात असतं. घरातली दहा-बारा वर्षांची मुलगी या दिवसांत आईच्या हाताखालची माणूस असते, निदान धाकट्याला सांभाळणारी तरी. तिला बोलावलं की ती धाकट्याला कडेवर घेऊनच येते. पाहुण्यांच्या यादीत पहिली ते पाचवीची मुलं असतात, कडेवरचं कुणी नसतं. मग ऐन वाटपात हिशेब चुकतो, आणि ज्यांनी तीस दप्तरं मोजून आणली त्यांच्या चेहऱ्यावर आपली फसवणूक होते आहे असा भाव येतो. मी तो पाहिला आहे. चांगल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम सांगतं की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही. सरकार ते कलम किती पाळतं हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पण पाहुण्यांचं स्वागत कुठल्याच यादीत नसतं, आणि श्रीफळ, शाल, गुलाबाची फुलं यांचा खर्च कुठल्याच अनुदानात बसत नाही. तो गुरुजींच्या खिशातून जातो. देणाऱ्याचा सत्कार घेणाऱ्याने करायचा, ही आपल्याकडची रीत इतकी मुरली आहे की शाल पांघरून घेताना कुणाला अवघडल्यासारखंही होत नाही.

मुलं खूश होतात का? होतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. नवी कंपासपेटी उघडून तिचा वास घेणारं मूल ज्याने पाहिलंय, तो 'वाटप बंद करा' असं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. माझा आक्षेप त्यानंतरच्या पाच मिनिटांवर आहे. दप्तर एकच, त्याला एका बाजूने शहरातल्या मुलाचा हात, दुसऱ्या बाजूने पाड्यावरच्या मुलाचा, आणि समोरून "इकडे बघ, हास जरा". नीट आला नाही म्हणून फोटो पुन्हा. त्या वेळी शहरातलं मूलही खाली बघत असतं. त्यालाही काहीतरी कळत असतं. आईवडलांना वाटतं की त्याला आपण किती नशीबवान आहोत हे कळतंय. ते कळवण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाला रांगेत उभं का करायचं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मोजमाप न घेता वाटायची खोड एकट्या शहरी कुटुंबांची नाही, सरकारचीही आहे. समग्र शिक्षा योजनेत एका मुलाला वर्षाला दोन गणवेश आणि त्यासाठी ६०० रुपये असा हिशेब. हे काम वर्षानुवर्षं शाळा व्यवस्थापन समित्या करत होत्या. गावातला नाहीतर जवळच्या बाजारातला शिंपी, मुलांची मापं, कमीजास्त झालं तर तिथेच दुरुस्ती. २०२४-२५मध्ये सगळ्या राज्याला एकसारखा गणवेश द्यायचा म्हणून कापड वरून आलं, शिवण्याचं काम बचत गटांकडे गेलं. पावसाळा सरला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने माघार घेतली आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समित्यांकडे दिलं. पाठ्यपुस्तकांना वहीची कोरी पानं जोडायचा प्रयोगही २०२३-२४मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत गुंडाळला गेला. आणि दुर्बल घटकांतल्या मुलींनी शाळेत यावं म्हणून १९९२ साली सुरू केलेला उपस्थिती भत्ता दिवसाला १ रुपया होता. तीस वर्षांनंतरही तो १ रुपयाच होता. इतक्या वर्षांत शाळेत येणाऱ्या एखाद्या मुलीला कुणी विचारलं असतं, तर तिने रुपयाऐवजी दुसरं काहीतरी सांगितलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वाटपाच्या दिवशी शाळेत कोण नसतं?

दिवाळी उरकली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या भागातली कातकरी, वारली, कोकणा कुटुंबं भिवंडी-वसई-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात अडीनडीला मालकाकडून घेतलेली उचल फेडायची असते. घराला कुलूप घालायला घरात काही नसतं. भांडी, कोंबड्या आणि मुलं टेम्पोत चढतात. दिवाळीत जमलं नाही म्हणून नाताळात येणाऱ्या पाहुण्यांना शाळेत भेटतात ती मागे राहिलेली मुलं. ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे, म्हातारी आजी आहे, बाप आरोग्य केंद्रात कामाला आहे, अशी. वाटपाची सगळ्यात जास्त गरज ज्याला, ते मूल त्या वेळी भट्टीवर विटा उलटत असतं. त्याचं नाव हजेरीपटावर असतं, पाहुण्यांनी मागवलेल्या यादीतही असतं. त्याच्या नावचं दप्तर मग गुरुजी कपाटात ठेवतात, किंवा कडेवरच्याला मिळतं.

नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांचं झोपडं. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळा भोंग्याजवळ गेली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावीच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. ही वसतिगृहं आजही वेळेवर सुरू होत नाहीत अशा तक्रारी येतात, पण कल्पना योग्य होती. मुलाचा हंगाम बघून शाळेने आपली वेळ ठरवायची.

ही कल्पनाही नवी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि नंतर ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा तिथली मुलं शाळेत येत नव्हती. गुरं कोण राखणार, धाकट्यांना कोण बघणार? दोघींनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुराखी मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिचं नावच कुरणशाळा. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. खेळणी म्हणजे शिंपले, बिया, पानं, खडे, जे तिथे होतं ते. टेकडीवर मुंबईहून खेळण्यांची खोकी नेता आली नसती असं नाही. ताराबाईंच्या ओळखी मोठ्या होत्या. नेली नाहीत, कारण मुलाच्या हातात रोज जे येतं त्यातूनच त्याने मोजायला शिकावं, अशी त्यांची धारणा होती. पालघर जिल्ह्यात वाटपाला जाणाऱ्या गाड्यांनी एकदा वाट वाकडी करून कोसबाडला जावं. धबधब्याइतकं रम्य नाही, पण फोटो चांगले येतात.

बरं, मग द्यायचं काय? शाळेला विचारा. पण विचारलंत तर उत्तर ऐकायची तयारी ठेवा, कारण ते कंटाळवाणं असतं. पट तीसच्या आत असेल तर अशा शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान, तीसच्या वर शंभरपर्यंत २५,०००. ते बरेचदा वर्ष संपत आल्यावर येतं. त्यात खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, विजेचं बिल आणि स्वच्छता हे सगळं बसवायचं. प्राथमिक शाळेला शिपाई नाही, स्वच्छतागृह धुवायला माणूस नाही. बिल थकलं की मीटर कापला जातो, आणि मागच्या वर्षी कुणीतरी थाटात भेट दिलेला दूरचित्रवाणी संच कापडाखाली झाकून राहतो. म्हणून गुरुजी सांगतात: वर्षभराचं लाइट बिल भरा. पाण्याच्या टाकीचा नळ आणि तिथवरचा पाइप बदलून द्या. मोखाड्यात पावसाळ्यात छप्पर गळतं आणि एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो, असा दोन्ही टोकांचा प्रदेश; तिथे नळ ही चैनीची वस्तू नाही. छत्र्या द्या, पण जूनमध्ये. केंद्राच्या क्रीडास्पर्धांना मुलांना न्यायला टेम्पोचं भाडं द्या.

हे ऐकून फोनवर क्षणभर शांतता पसरते. मग, "हो, पण मुलांच्या हातात काहीतरी द्यायला हवं ना?" लाइट बिल भरताना कुणाचा हात दिसत नाही, ही खरी अडचण. गरज कळायला वाटाच नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या विद्यांजली संकेतस्थळावर शाळा आपली गरज नोंदवू शकतात. राज्याची २०२३ची दत्तक शाळा योजना आहे, तिच्यात तर ठरावीक रकमेच्या वर देणगी असेल तर देणगीदाराला शाळेच्या नावाशी आपल्या पसंतीचं नाव जोडायचीही मुभा आहे. म्हणजे सरकारलाही ही अडचण नेमकी कळली आहे.

कुटुंबाने जाऊच नये, असं मला म्हणायचं नाही. जावं, पण रविवार किंवा सुटी सोडून, शाळा भरलेली असताना. नोकरदार आईबापांना त्यासाठी एक रजा टाकावी लागेल, शहरातल्या मुलाचा एक दिवस बुडेल. बुडू द्या, गुरुजींची दिवाळी बुडते त्यापेक्षा बरं. सकाळच्या परिपाठाला उभं राहावं, पोषण आहाराच्या पंगतीत बसून खिचडी खावी, ताट स्वतः धुवावं. दुपारच्या सुटीत मुलांना मुलांवर सोडावं, आईबापांनी लांब बसावं. खोखोत शहरातलं मूल पहिल्याच डावात बाद होईल आणि पाड्यावरची मुलं त्याला चिंचेवर चढायला शिकवायच्या मागे लागतील. सगळीच मुलं भेटायला हवी असतील तर शिमग्याच्या दिवसांत जा. भट्ट्यांवरची कुटुंबंही होळीला गावी येतात. आदिवासी पाड्यांवर मोठा सण तो, दिवाळी त्यामानाने आपली.

गेल्या वर्षी एका कुटुंबाला मी शाळेचं नाव देण्याआधी मुख्याध्यापकांचा क्रमांक दिला आणि म्हटलं, आधी तुम्हीच बोला. मुख्याध्यापकांनी क्रीडास्पर्धेच्या टेम्पोचं सांगितलं. जानेवारीतले दोन दिवस, जाऊन-येऊन भाडं, शिवाय वाटेत मुलांना वडापाव. कुटुंबाने टेम्पोवाल्याला थेट पैसे पाठवले. शाळेची कबड्डी दुसऱ्या फेरीत हरली. निकालाचा निरोप मुख्याध्यापकांनी पाठवला, सोबत टेम्पोवाल्याची पावती. त्या घरातल्या मुलीने उलट विचारलं, दुसऱ्या फेरीत नेमकं काय झालं? त्यावर सातवीतल्या कर्णधाराने शिक्षकांच्या फोनवरून तीन मिनिटांचा निरोप बोलून पाठवला. त्यातली अडीच मिनिटं पंचांवर होती.